पक्षी सापडल्याची जागा

मी हेवेखोर आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लोक लहानपणच्या आठवणी लिहायला बसले की स्वतःला फार गोड करून घेतात. मी गोड नव्हते. तेरा वर्षांची होते, आठवीत होते आणि सकाळी डोळे उघडल्यापासून माझा एकच उद्योग चालायचा. तिला काय मिळालं आणि मला काय मिळालं, हे बघत बसायचं.

ती म्हणजे माझी चुलत बहीण. माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान. गिरण्यांचा संप झाला, लांबतच गेला, आणि आमच्या नात्यातली निम्मी माणसं बिऱ्हाड गुंडाळून कोकणात परत गेली. त्यांत माझे धाकटे काका-काकी होते. त्यांनी गावी शेती धरली, पण मुलीची शाळा बुडायला नको म्हणून तिला आमच्याकडे ठेवलं. "वर्सभर ऱ्हवांदे, मगे बघूया," असं काका जाताना म्हणाले होते. मी सांगतेय त्या ऑक्टोबरात त्या वर्षभराला तीन वर्षं होत आली होती.

आमची खोली बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीजवळच्या बैठ्या चाळीत होती. एक खोली, मागे मोरी, वर सिमेंटचे पत्रे. तिच्यासाठी माझ्या फळीतली अर्धी फळी गेली. माझी चादर दोघींची झाली, आणि थंडीत ती झोपेत सगळी स्वतःकडे ओढून घ्यायची. माशाच्या कालवणातलं डोकं मला फार आवडायचं, ते आता एक वार मला आणि एक वार तिला. आई म्हणायची, "आईबापापासून लांब राहतेय ती, जरा मोठं मन कर." मोठं मन कुठून आणायचं ते तिने कधी सांगितलं नाही. पण फळी, चादर, माशाचं डोकं हे सगळं मी एक वेळ सोडलंही असतं. बाबांना सोडायला मी तयार नव्हते.

बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संपात गिरणी सुटली आणि त्यानंतर दीडेक वर्ष ते घरात भिंतीला पाठ लावून बसून असायचे. कुणाशी बोलायचे नाहीत. आई दहिसरला प्लास्टिकच्या कारखान्यात जायला लागली. मी शाळेतून आले की त्यांच्या समोर बसून कविता म्हणायचे, शाळेतल्या बाईंची नक्कल करायचे, मुद्दाम चुकीचं वाचायचे, निदान चूक तरी काढतील म्हणून. त्यांची नजर पत्र्याकडे. मग कुणाच्या तरी ओळखीने त्यांना पार्कात रोजंदारीवर काम मिळालं. वाटा साफ करायच्या, वाळलेलं गवत कापायचं, बाहेरून कुणी आलं तर त्यांच्यासोबत जंगलात जायचं. बाहेरून येणाऱ्यांत पक्ष्यांचा अभ्यास करणारे एक साहेब होते. थंडीच्या दिवसांत ते पहाटे ओढ्यावर बारीक जाळी लावायचे, अडकलेल्या पक्ष्याच्या पायात नंबर कोरलेलं ॲल्युमिनियमचं कडं घालायचे आणि त्याला सोडून द्यायचे. जाळ्यातून पक्षी सोडवायला हलका हात लागतो. बाबांनी जन्मभर तुटलेले धागे सांधले होते. साहेबांनी त्यांना पहिल्याच दिवशी हेरलं आणि मग थंडीत जाळं लागलं की बाबांना बोलावणं ठरलेलं.

बाबा परत बोलायला लागले. पण बोलायचे ते फक्त पाखरांबद्दल. मी पुढे सरसावून बसायचे, आणि मला काही म्हणजे काही कळायचं नाही. मला चिमणीशिवाय सगळे पक्षी एकसारखे दिसायचे. तिला मात्र कळायचं. "काका, तो शेपटी वरखाली हलवतो की बाजूला?" असं काहीतरी ती विचारायची आणि बाबा भाकरीचा तुकडा ताटात ठेवून तिला बोटाने शेपटी हलवून दाखवायचे. माझ्या बापाचं बोट तिच्यासाठी हलायचं, आणि मी ते बघत आमटी ओरपायचे.

मेलेला पक्षी सापडला तर काय करायचं, हेही बाबांनी आम्हाला शिकवून ठेवलं होतं. चाळीत इतरांकडे मेलेलं पाखरू दिसलं की ते झाडूने गटारात ढकलायचं आणि हात लावलेल्या पोराला मोरीत उभं करून वरून बादली ओतायची, एवढीच रीत होती. आमच्या घरात त्याचा कायदा होता. बाबा उकिडवे बसून सांगायचे, "पयलो हात लावूचो नाय. कागद घेवचो. मगे पाय बघूचे, पायात कडा आसा काय ता." कडं असलं तर ते काढायचं नाही. पक्षी वर्तमानपत्रात सैल गुंडाळायचा. पिसं मोडू द्यायची नाहीत. गारव्याला ठेवायचा आणि सोबत चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठीत तारीख, वेळ, सापडल्याची जागा आणि खाली ज्याला सापडला त्याचं नाव. जागेवर बाबांचा फार भर. साहेब म्हणतात, जागा माहीत नसली तर तो पक्षी म्हणजे नुसतं मटण, असं ते दर वेळी सांगायचे.

हे सगळं मला नीट आठवतंय ते नंतर तिने सांगितलं म्हणून. त्या वेळी कडं आणि चिठ्ठी एवढंच माझ्या डोक्यात राहिलं, बाकी सगळा वेळ बाबा किती वेळा तिच्याकडे बघून बोलतायत आणि किती वेळा माझ्याकडे, यातच माझं लक्ष गेलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी बाबा म्हणाले, "कड्याचा पाखरू जी आणीत, तिका मी जाळ्यार नेतलंय. एकीकच. साहेब दोघींक घेवचे नाय." जाळ्यावर गेलं की कडं घातलेला पक्षी आपल्या हाताने सोडायला मिळतो, हे आम्हाला माहीत होतं. पण मला पक्षी नको होता. मला बाबांबरोबर एकटीने जायचं होतं. पहाटे घरातून निघायचं, ओढ्यापर्यंत चालत जायचं, आणि ती मागे घरात झोपलेली, एवढंच मला हवं होतं.

दसरा झाला आणि बाबा भातकापणीला गावी गेले. रविवारी यायचे होते. गुरुवारी दुपारी मी शाळेतून आले. आठवीपासून आमची शाळा सकाळची असायची आणि सातवीपर्यंत दुपारची, त्यामुळे मी घरी यायच्या आधी ती निघालेली असायची. आई कारखान्यात. मी शेजारून किल्ली घेतली, दार उघडलं आणि पाणी प्यायला माठाकडे गेले. माठाच्या तिवईखाली ओल्या रेतीवर वर्तमानपत्राची एक पुडी होती.

मी ती उघडली. आत एक पक्षी होता, माझ्या तळहातापेक्षा जरा लांब, पाठ करडी, पोट पिवळट, शेपटी लांबच लांब. पायात कडं होतं. खरंच होतं. खसखशीच्या दाण्याएवढे आकडे त्याच्यावर. आणि पक्ष्याच्या पोटाशी चिठ्ठी, तिच्या त्या गोल अक्षरातली. तिचं नाव खाली होतं आणि माझी नजर पहिली तिथेच गेली. नाव वाचलं आणि वरचं काही वाचलंच नाही.

मला आधी राग आला, आणि मग रडू. तीन वर्षं तिने एक एक करून सगळं घेतलं आणि आता हेही. रविवारी बाबा दारात येतील, ती पुढे होऊन पुडी उघडेल, आणि बाबा तिच्या डोक्यावरून हात फिरवतील. मला ते इतकं स्पष्ट दिसलं की मी तिथेच फतकल मारून बसले. मग उठले. भात गरम करायला स्टोव्ह पेटवायचाच होता. काकड्याऐवजी मी ती चिठ्ठी वापरली.

चिठ्ठी जळून गेल्यावर मी जेवले. पोटभर जेवले, खोटं कशाला बोलू. मग वहीचं पान फाडून नवी चिठ्ठी लिहायला घेतली. तारीख लिहिली. वेळ लिहिली, दुपारी साडेबारा. खाली माझं नाव लिहिलं, चांगलं ठसठशीत. मधली एक ओळ राहिली, सापडल्याची जागा. तिथे माझं पेन अडलं. तिला तो कुठे सापडला होता कुणास ठाऊक. नळावर, शाळेच्या रस्त्यावर, की पत्र्यावर, कुठेही असेल. ज्या कागदावर ते लिहिलं होतं तो मी नुकताच जाळला होता. शेवटी मी लिहिलं, "ओढ्याजवळ, उंबराखाली." ओढा बाबांचा होता, म्हणून ते वाचून त्यांना बरं वाटेल असं वाटलं.

संध्याकाळी ती शाळेतून आली तेव्हा आई घरात होती. मी वाटच बघत होते. तिने दप्तर खाली ठेवायच्या आत मी म्हटलं, "आई, मला कड्याचा पक्षी सापडला."

तिने दप्तर ठेवलं. माठाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुठे?"

"ओढ्याजवळ. उंबराखाली."

मी तयारीत होते. ती रडेल, चोर म्हणेल, मग मी काय काय म्हणायचं हे मी दुपारभर ठरवून ठेवलं होतं. आईनेही आमच्या तोंडांवरून ओळखलं असावं. दिवसभर उभं राहून आलेली, पाय चोळत बसलेली बाई ती. म्हणाली, "आता भांडण काढलात ना दोघींनी, तर उद्याच्या गाडीत बसवून गावाला धाडीन. सांगून ठेवते." हे ती महिन्यातून दोनदा तरी म्हणायची. मला त्याचं काहीच वाटायचं नाही.

"धोबी पक्षी आहे तो," ती म्हणाली. "छान आहे." आणि पाय धुवायला मोरीत गेली.

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या रात्री चादर तिने एकदाही ओढली नाही, आणि त्याचाही मला रागच आला.

पुडी माठाखाली होती हे आईला कळल्यावर तिने डोक्याला हात लावला. पिण्याच्या पाण्याखाली मढं ठेवलं म्हणून मला बोलणी बसली, केसांवरून आंघोळ घालावी लागली, आणि पक्षी घराबाहेर गेला. मोरीच्या भिंतीवर, वर टोपली उपडी. ऑक्टोबरचं ऊन ते. शुक्रवारी दुपारी मी शाळेतून येऊन बघितलं तर मुंग्यांची रांग लागली होती आणि वास यायला लागला होता. बाबांना यायला अजून दोन दिवस होते. बर्फ असणारं घर आमच्या चाळीत एकही नव्हतं.

आता कुणी ब्राह्मणाची पोर असती तर तिने काय केलं असतं मला माहीत नाही. मी कोकणातली. आम्हाला लहानपणापासून एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की टिकवायचं तर खारवायचं. दर मे महिन्यात गावी आजीच्या हाताखाली मी ढीगभर मासे खारवले होते. आधी खवलं काढायची, पोट साफ करायचं, धुवायचं, मीठ भरायचं आणि उन्हात टाकायचं. मी विळी घेतली, मोरीत बसले आणि कामाला लागले. पिसं म्हणजे पक्ष्याची खवलंच की. मी ती ओढून ओढून काढली आणि पाण्याबरोबर गटारात सोडून दिली. पंखांची नि शेपटीची मोठी पिसं चिवट होती, ती चिमटीत धरून एकेक उपटावी लागली. पोट फाडून धुतलं, आईच्या डब्यातलं जाडं मीठ आतबाहेर चोळलं. पायातल्या कड्याला धक्का लावला नाही. मग ताटलीत ठेवून पत्र्यावर उन्हात टाकलं, वरून कावळ्यांसाठी फाटकी मच्छरदाणी. पिसं गेल्यावर तो पक्षी जेमतेम एका मोठ्या सुंगटाएवढा, कोलंबीएवढा राहिला होता. काम मात्र स्वच्छ झालं होतं. आजीने बघितलं असतं तर नाव ठेवलं नसतं.

संध्याकाळी मी तिला मुद्दाम पत्र्याखाली नेऊन, ताटली खाली उतरवून दाखवलं. मिरवायलाच नेलं होतं. तिने ताटलीत बघितलं आणि तिचा चेहराच उतरला.

"ह्याची पिसं कुठेत?"

"गटारात."

"पिसं काढलीस? अगं, पिसांवरून तर ओळखतात!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चिठ्ठी चोरली तेव्हा न रडलेली पोरगी पिसांसाठी रडली. मग फ्रॉक वर खोचून ती चाळीमागच्या गटारात उतरली आणि काळोख पडेपर्यंत काठीने गाळ उपसत राहिली. आई हाका मारून दमली. तिला नऊ पिसं मिळाली, त्यांतली तीन शेपटीची, कडेला पांढरी असलेली. ती तिने धुतली, भूगोलाच्या पुस्तकात दाबून सुकवली, आणि शनिवारी माझ्या हातात दिली. "ही पण काकांना दे. नाहीतर तुला ओरडतील."

मी थँक्यू म्हटलं नाही. माझ्या मनात आलं, हिला आता चांगुलपणाही पहिल्या नंबरने हवाय. क्षणभर वाटलं ती पिसं परत गटारात टाकावीत. पण ओरडा खायची भीती होती, म्हणून ठेवली.

रविवारी सकाळी बाबा आले, खांद्यावर तांदळाची गोणी. त्यांनी चपला काढायच्या आत मी ताटली पुढे केली.

"ह्या काय गो?"

"पक्षी. कड्याचा. खराब होईल म्हणून खारवला."

बाबांनी तो दोन बोटांत उचलला. उलटा केला, सुलटा केला. आणि हसायला लागले. संपानंतर मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. शेजारची माणसं दारात येऊन उभी राहिली, तरी बाबा हसतच होते, डोळे पुसत होते, पुन्हा त्या खारवलेल्या पाखराकडे बघत होते. मग मी पिसं दिली आणि ते एकदम गंभीर झाले. "धोबी," ते म्हणाले. "कोणाक गावलो?"

"माका," मी म्हटलं. एरवी मी बाबांशी मालवणीत बोलायचे नाही, शाळेत हसतात म्हणून. ती बोलायची. त्या दिवशी मी बोलले.

ती कोपऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. बाबांनी चिठ्ठी वाचली. "ओढ्यार?" त्यांचा आवाज बदलला. "आमच्या ओढ्यार?" मी मान हलवली. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तांदूळ आणि एसटीचा वास येणारा हात, जड, आणि तो त्यांनी बराच वेळ काढला नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी मला जाळ्यावर नेलं. एकटीला. ती जागी होती, मला माहीत आहे, पण डोळे मिटून पडली होती. पहाटेच्या गारठ्यात मी बाबांच्या मागून चालत होते, आणि सारखं मागे वळून बघत होते, मागे कुणी नाही हे बघायला. कुणी नव्हतं. मला फार छान वाटलं.

साहेब ओढ्याकाठी घडीच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी कड्यावरचा नंबर बघितला, जाडजूड वही उघडली, आणि बोट एका ओळीवर थांबलं. तो पक्षी दोन वर्षांपूर्वी तिथेच, त्याच ओढ्यावर, त्यांनी पकडून सोडला होता. साहेब बाबांना म्हणाले, "तुमच्याच हातून सुटला होता हा." हे धोबी उन्हाळ्यात पार हिमालयाकडे जातात आणि थंडीत परत येतात, एवढं मलाही ऐकून माहीत होतं. पण इतकं फिरून तो नेमका त्याच ओढ्यावर परत यावा आणि तिथेच मरावा, याने साहेब अगदी हरखून गेले. त्यांनी मला समोर बसवलं.

"कुठल्या उंबराखाली, दाखवतेस?"

मी उठून एक उंबर दाखवला.

"कसा पडला होता? पोटावर की पाठीवर?"

"पाठीवर."

"पाण्यापासून किती लांब?"

"चार पावलं."

माझं प्रत्येक उत्तर ते वहीत शाईने लिहून घेत होते. इतके प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारले नव्हते आणि उत्तरं कशी भराभर येत गेली. माझ्या मनाला जराही टोचलं नाही. बाबा शेजारी उभे होते, हात मागे बांधून. साहेबांना म्हणाले, "माझी मुलगी आहे ही." शुद्ध भाषेत म्हणाले. तीन वर्षं मी याच्यासाठी तळमळत होते. ते मिळालं.

मग एक लहानसा पक्षी माझ्या मुठीत दिला. पिसांखाली नुसती धडधड. बाबा म्हणाले, "आता मूठ सैल कर." मी केली आणि तो गेला. मी लगेच बाबांच्या तोंडाकडे बघितलं, ते माझ्याकडे बघतायत का म्हणून. ते पक्षी गेला तिकडे बघत होते. म्हणाले, "तीय येवक व्हयी होती आज. तिका लय आवडला असता."

माझा एवढा एकच दिवस होता, आणि त्यातही ती येऊन उभी राहिली. मला बाबांचा राग आला, तिचा आला, उडून गेलेल्या त्या पाखराचासुद्धा आला.

घरी आल्यावर तिने हळूच विचारलं, "हातात गरम लागतो का गं?" डोळे एवढाले करून, माझ्या तोंडून ऐकायला टपलेली. मी म्हटलं, "काही विशेष नाही." चिठ्ठी जाळली त्यापेक्षा मला हे जास्त लागतं. तेवढं तरी द्यायचं होतं तिला. माझ्याकडे भरपूर होतं.

ती सांगेल म्हणून मी महिनाभर धास्तावून होते. तिने सांगितलं नाही. सातवीची परीक्षा झाली आणि मे महिन्यात काका येऊन तिला घेऊन गेले. पुढची शाळा तिने गावीच केली. मला अख्खी फळी मिळाली, अख्खी चादर मिळाली. बाबा जेवताना पाखरांबद्दल बोलायचे कमी झाले. विचारणारं कुणी राहिलं नव्हतं आणि मला विचारायला सुचायचं नाही.

पण धोब्याची गोष्ट त्यांनी सोडली नाही. साखरपुड्यात, बारशात, माझ्या सासरच्यांसमोर, माझ्या मुलांसमोर, कुठेही. "दोन वर्सांनी, खंयच्या खंय फिरान, त्याच ओढ्यार परत इलो, आणि गावलो कोणाक, तर माझ्या चेडवाक!" चेडू म्हणजे लेक, मी. मग खारवल्याचा प्रसंग, मग हशा. गिरणीबद्दल बाबा आयुष्यात कधी एक वाक्य बोलले नाहीत. ही एक गोष्ट ते अशी सांगायचे की त्यांचं वय उतरायचं. मी खरं सांगायचं किती वेळा ठरवलं. पण उंबर काढून घेतला तर त्या गोष्टीत उरतं काय? एक मेलेला पक्षी, कुठेतरी सापडलेला. नुसतं मटण. कधी कधी तीही समोर असायची, लग्नाकार्याला आलेली. बाबा तिला म्हणायचे, "तुका आठावता मां गो?" आणि ती म्हणायची, "होय काका." तेव्हा मी दुसरीकडे बघायचे.

बाबा गेले. तेराव्याच्या आदल्या दिवशी गावच्या घरामागे आम्ही दोघी भोपळे चिरत बसलो होतो. दोघींचेही केस पिकलेले. इतकी वर्षं मनात ठेवलेलं मी बोलून टाकलं. "ती चिठ्ठी मी जाळली होती."

"माहीत आहे," ती म्हणाली. तिची विळी थांबलीही नाही.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"काकी म्हणाली होती ना, भांडलात तर गावाला धाडीन म्हणून."

"अगं, ती काय, ती आपल्या दोघींना नेहमीच म्हणायची."

"तुला नसतं धाडलं," ती म्हणाली.

अगदी सरळ म्हणाली, भोपळ्याच्या बिया काढता काढता. मी त्या तीन वर्षांत तिच्याकडे काय काय आहे याचा हिशोब ठेवत होते, आणि ती झोपेतसुद्धा चादर न ओढायला शिकत होती. मी हातातली फोड परातीत टाकली. मी विचारलं, "मग कुठे सापडला होता गं तो?"

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि हसली. "ओढ्याजवळ. उंबराखाली."

"खरं सांग."

"तेच खरं. काका तेच सांगत आले." भोपळ्याची परात उचलून ती आत गेली.

त्यानंतर मी तिला आणखी दोनदा विचारलंय. एकदा समोरासमोर, एकदा फोनवर. ती सांगत नाही. साहेबांच्या वहीत माझं नाव आहे, बाबांच्या गोष्टीत मी आहे, पक्षी माझ्या हातून सुटला. तो पक्षी जिथे खरंच पडला होता ती जागा फक्त तिला ठाऊक आहे, आणि ती मला ती देणार नाही. बरोबरच करते. पण मला अजून तिचा हेवा वाटतो.